राईड पूर्ण झाली, हिशोब बाकी आहे

पुणे ते गोवा. सुमारे साडेचारशे किलोमीटर, चार दिवस, अडतीस सायकलस्वार. बॅनरवर मोठ्या अक्षरात : "गावातल्या मुलींच्या शिक्षणासाठी". जानेवारीत मी ही राईड पूर्ण केली. मिरामारच्या वाळूत सायकल डोक्यावर उचलून काढलेला माझा फोटो तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाईक केलाय. "प्रेरणादायी", "सलाम", "तुमच्यासारख्या लोकांमुळेच समाज टिकून आहे" अशा कमेंट्सही आल्या. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता त्या फोटोत जे दिसत नाही ते लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगून ठेवतो, सायकलवाल्यांना शिव्या घालणारी ही पोस्ट नाही. मी स्वतः सायकलवाला आहे. पुढच्या वर्षीही चालवणार आहे. ग्रुपमधली बहुतेक माणसं चांगली होती. आजऱ्याच्या पुढे माझ्या पायात गोळे आले तेव्हा ज्याने स्वतःचा वेळ घालवून माझ्याबरोबर दहा किलोमीटर हळूहळू सायकल चालवली, त्याला मी आयुष्यभर विसरणार नाही. आंबोलीचा घाट पहाटे थंडीत उतरताना जे वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. हे सगळं खरं आहे.

पण राईडच्या नावात 'चॅरिटी' हा शब्द होता. तो शब्द आला की मजा आणि दमछाक यांच्या पलीकडचे दोन प्रश्न आपोआप येतात. पैसे कुठे गेले? आणि ज्या मुलीला सायकल दिली, तिने ती चालवायची कुठे?

दोन्ही प्रश्न मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारले. काय झालं ते पुढे सांगतो.

पहिला दिवस

पहाटे पाचला वारज्यातून निघालो. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, मध्ये दोन मोटरसायकली, एक रुग्णवाहिका. नवले पुलाचा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. आम्ही तो चढून गेलो तेव्हा मागच्या गाडीने दोन लेन अडवून धरल्या होत्या. मला एकदाही भीती वाटली नाही. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, शिरवळ, मग खंबाटकीची चढण. दर पंधरा किलोमीटरला केळी, चिक्की, इलेक्ट्रॉलचं पाणी. संध्याकाळी साताऱ्यात हॉटेल, गरम पाणी, फिजिओथेरपिस्ट.

तेव्हा हे सगळं छानच वाटलं. आठवण म्हणून एवढंच लक्षात ठेवा की त्या दिवशी त्या महामार्गावर अडतीस माणसं सुरक्षित होती, कारण त्यांच्यासाठी चार वाहनं रस्ता अडवत होती.

दुसरा दिवस : शाळा

उंब्रज आणि कराडच्या मध्ये एका गावात सायकल वाटपाचा कार्यक्रम होता. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मास्तरांना त्रास नको. आम्ही पोचायची वेळ साडेनऊची होती, पोचलो सव्वाअकराला. मुली नऊपासून मैदानात रांगेत बसलेल्या. चाळीस सायकली, हँडलला लाल रिबिनी, प्रत्येक सायकलच्या बास्केटवर प्रायोजकाची पाटी. भाषणं झाली. ड्रोन उडाला. मुलींना सायकलवर बसवून, "हात हलवा, हसा, अजून एकदा" असं तीनदा झालं. कारण पहिल्या दोन वेळेला उन्हाची तिरीप कॅमेऱ्यात येत होती.

मी पाणी प्यायला नळाकडे गेलो तर दोन मुली तिथे उभ्या होत्या. आठवी-नववीतल्या असतील. मी आपलं विचारलं, "काय गं, आता उद्यापासून सायकलवर ना?"

एक लाजली. दुसरी म्हणाली, "न्हाय, आई नको म्हणती. हायवे हाय न्हवं मधी."

तिचं घर महामार्गाच्या पलीकडे. शाळा अलीकडे. खालून जायला भुयारी मार्ग आहे, तो तिच्या वस्तीपासून बराच लांब, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम सुरू आहे, त्यामुळे ठिकठिकाणी रस्ता वळवलेला, खडी पसरलेली, पाट्या असून नसल्यासारख्या. गावकरी दुभाजकातल्या फटीतून ओलांडतात. चालत असलं की फटीतून अंग चोरून जाता येतं. सायकल घेऊन नाही जाता येत.

म्हणजे आम्ही त्या पोरीला जी वस्तू दिली, ती घेऊन तिला शाळेत येता येत नाही. आणि हे तिच्या आईला माहीत होतं, तिला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं. फक्त आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. आमच्या नियोजनाच्या चार बैठका झाल्या. त्यातली एक पूर्ण बैठक जर्सीचा रंग ठरवण्यात गेली.

दुसरा दिवस : दुपार

किणी टोलनाका ओलांडून आम्ही शिरोलीच्या दिशेने चाललो होतो. कारखान्यांची पाळी सुटायची-भरायची वेळ. समोरून, म्हणजे उलट्या बाजूने, एक माणूस सायकलवर येत होता. पन्नाशीचा. काळी जुनी सायकल, हँडलला डब्याची पिशवी. आमच्या पुढच्या मोटरसायकलवाल्या मार्शलने हॉर्न मारत त्याला हातवारे केले, "ओ काका, बाजूला व्हा, बाजूला! राईड चाललीय!"

त्याने सायकल थांबवली. एक पाय खाली टेकला. आणि शांतपणे म्हणाला, "बाजू कुठाय?"

खरंच नव्हती. डावीकडे खडीचा ढीग, त्याच्या पलीकडे चर. उजवीकडे आम्ही, आणि आमच्या उजवीकडे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला.

मार्शल म्हणाला, "राँग साईडने येताय तुम्ही."

"रोज इथनंच जातोय की. सरळ बाजूनं जायचं तर कुठनं वळून यायचं ते तुम्हीच सांगा. तुम्ही आज आलाय."

आम्ही पुढे गेलो. ग्रुपमधला एक जण मागून म्हणाला, "या लोकांना सिव्हिक सेन्स नाही यार." मी काही बोललो नाही. तिथे बोललो नाही म्हणूनच आज इथे लिहितोय.

त्या माणसाची सायकल आणि माझी सायकल, दोन्ही सायकलीच. माझी ६८ हजारांची. मी चालवतो ती हौस, तो चालवतो ती गरज. मी चार दिवस चालवली तर मला पदक मिळालं. तो वीस-पंचवीस वर्षं चालवत असेल, तर त्याला मिळालं काय? "बाजूला व्हा."

आणि हा माणूस एकटा नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात हे विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांपैकी साधारण १३ टक्के लोक सायकलने जात होते. म्हणजे अडीच कोटींहून जास्त माणसं. या देशातले खरे सायकलस्वार हे आहेत. दूधवाला, वॉचमन, गवंड्याच्या हाताखालचा माणूस, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला कामगार. लायक्रा घातलेले आम्ही त्यांच्यापुढे मूठभरही नाही. पण 'सायकलिंग' म्हटलं की पेपरात फोटो आमचा.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, सरकारी आकडा आहे. त्यात पायी चालणारी ३२,८२५. सायकलवरची साडेचार हजारांहून जास्त. त्यातले किती जण राईडला निघाले होते आणि किती जण डबा घेऊन, हे मी सांगायची गरज नाही.

आता पैशाचं बोलू

प्रत्येक सायकलस्वाराकडून फी होती १६,००० रुपये. यात राहणं, जेवण, गाड्या, जर्सी, पदक सगळं आलं, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ३८ जणांचे झाले ६ लाख ८ हजार. याबद्दल माझी काही तक्रार नाही. हौसेचे पैसे हौसेला गेले.

याशिवाय प्रत्येकाने ओळखीच्यांकडून देणगी गोळा करायची होती. पोस्टरवर वाक्य होतं, "तुमचा प्रत्येक रुपया मुलींपर्यंत." मी १९ जणांकडून ११,५०० रुपये जमवले. ऑफिसातले सहकारी, सोसायटीतले शेजारी, माझी आत्या, आणि आमच्या इस्त्रीवाल्याने आपणहून दिलेले शंभर रुपये. पणजीच्या समारोपात जाहीर झालं की एकूण ४ लाख १० हजार देणगी जमली. टाळ्या.

सायकली वाटल्या चाळीस. तशीच साधी, गिअर नसलेली मुलींची सायकल परतल्यावर कराडच्या एका दुकानात फोन करून विचारली. किरकोळ भाव ५,२००. चाळीस सायकलींचे झाले २ लाख ८ हजार. घाऊक घेतल्या असतील तर त्याहून कमीच.

मग उरलेले दोन लाख?

हे मी ग्रुपवर विचारलं. अगदी सभ्य भाषेत, हात जोडलेला इमोजी टाकून. आधी अर्धा दिवस कुणी बोललंच नाही. मग एकाने ड्रोनचा व्हिडिओ टाकला, त्याला तीस बदाम आले. माझा प्रश्न वर सरकला. मी परत विचारला. तेव्हा आयोजकांचं उत्तर आलं, "इव्हेंटला खर्च असतो सर. सगळं व्यवस्थित आहे. कृपया निगेटिव्हिटी पसरवू नका." मी म्हटलं, इव्हेंटच्या खर्चासाठी तर फी होती ना, खर्चाचा कागद टाका, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील अशी सोय झालेली होती.

कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि माहीत नसताना आरोप करणं हलकटपणा आहे. कदाचित ड्रोनवाल्याला गेले असतील, कदाचित फलकांना, कदाचित पुढच्या वर्षीसाठी ठेवले असतील. पण माझ्या इस्त्रीवाल्याने शंभर रुपये ड्रोनसाठी दिले नव्हते. आणि "मला माहीत नाही" हे उत्तर मी त्याला देऊ शकत नाही. देणगी मी मागितली होती, तोंड माझं होतं.

बरं, ही देणगी घेतली कशी? क्यूआर कोडवर. कोड कुणाच्या खात्याचा? एका माणसाच्या. पावती? व्हॉट्सॲपवर "धन्यवाद".

आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळाला आपण येताजाता नावं ठेवतो. त्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली. सगळी मंडळं घेतात असं नाही, पण नियम आहे आणि निदान पावतीपुस्तक तरी असतं. कित्येक मंडळं उत्सव संपल्यावर जमाखर्च फळ्यावर लावतात. वारीत दिंडीला भिशी भरावी लागते आणि त्या भिशीत काय मिळणार हे प्रत्येक वारकऱ्याला माहीत असतं. आणि इंजिनिअर, डॉक्टर, सीए असलेल्या आमच्या अडतीस जणांच्या ग्रुपला जमाखर्चाचा एक कागद मागितला तर ती निगेटिव्हिटी? आमच्यात दोन सीए होते हो!

"निदान काहीतरी करतात ना!"

ही कमेंट येणारच आहे, म्हणून आधीच उत्तर देतो.

या विचारातलं खरं काय ते मान्य करतो. फी, टायर-ट्यूब, सर्व्हिसिंग, सायकल परत आणायचा टेंपो, बसचं तिकीट असा माझा स्वतःचा खर्च २४ हजार झाला. घरी बसून तेवढ्याच पैशांच्या चार सायकली मी थेट देऊ शकलो असतो. दिल्या असत्या का? प्रामाणिक उत्तर, नाही. आणि ते १९ जण मी नुसता हात पसरला असता तर दिले नसते. "हा माणूस साडेचारशे किलोमीटर सायकल चालवणार आहे" म्हणून त्यांनी दिले. राईडमुळे खिसे उघडतात, हे खरं आहे. म्हणून राईड बंद करा असं मी म्हणत नाही.

आणि सायकल दिल्याने फरक पडतो, हेही खरं आहे. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा जिथे लांब, तिथे परिणाम जास्त. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, आता पाच हजार. म्हणजे सायकल ही काही दिखाऊ भेट नाही. मुलीची शाळा सुटणार की टिकणार, हे त्या दोन चाकांवर ठरू शकतं.

पण म्हणूनच तर राग येतो! सायकल इतकी कामाची वस्तू आहे, म्हणूनच उरलेल्या दोन लाखांच्या आणखी अडतीस सायकली झाल्या असत्या हे मनातून जात नाही. राईडमधल्या प्रत्येकामागे एक. अडतीस मुली. हा काही हिशोबातला किरकोळ फरक नाही.

"काहीतरी करतात ना" हे वाक्य ज्याचं पोट भरलेलं आहे त्याचं आहे. आपण भाजीवाल्याला म्हणतो का, की पाव किलोचे पैसे घेऊन निदान छटाकभर तरी दिलंस ना?

मोठ्या राईड्सही या प्रश्नातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेत नव्वदच्या दशकात एड्सग्रस्तांसाठी प्रचंड मोठ्या सायकल राईड्स निघाल्या. पैसा अमाप जमला आणि त्यातला किती आयोजनावरच जातो यावरून प्रचंड वादही झाले. आयोजक कंपनी २००२ मध्ये बंद पडली. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिसची राईड पुढे दुसऱ्या नावाने चालू राहिली. २०२५ मध्ये तीही शेवटची करून थांबवली, कारण खर्च वाढत गेला आणि जमणारा पैसा त्या प्रमाणात राहिला नाही. त्यांनी ते उघड सांगितलं. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्समधली पॅन-मास चॅलेंज ही राईड १९८० पासून चालू आहे. सायकलस्वारांनी जमवलेली सगळी रक्कम कर्करोग रुग्णालयाला जाते, आयोजनाचा खर्च वेगळ्या पैशांतून. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. जमवलेला पैसा वेगळा, खर्चाचा पैसा वेगळा. एवढं सोपं आहे.

"जनजागृती झाली ना!"

कुणाची? महामार्गाकडेच्या लोकांची? त्यांना मुलींच्या शिक्षणाबद्दल आमच्याकडून काय कळलं? पाठीवर घोषवाक्य आणि ताशी पंचवीसचा वेग. त्या मुलीच्या आईला शिक्षणाचं महत्त्व पुरेपूर कळतं. ट्रकखाली गेलेल्या पोरीला शिक्षण मिळत नाही, हेही कळतं. जागृत व्हायची गरज तिला नव्हती, आम्हाला होती.

आणि जागृत व्हायची गरज रस्ता बांधणाऱ्यांना आहे. सायकल मार्ग कसे असावेत याच्या शिफारशी इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली छापल्या, २०१५ मध्ये सुधारून पुन्हा काढल्या. साठ वर्षांहून जास्त काळ कागद तयार आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. आज पुण्यातल्या सायकल ट्रॅकवर काय असतं ते मी सांगू? चारचाकी, पाणीपुरीची गाडी आणि रिकामा कचऱ्याचा डबा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं : रस्त्याची रचना ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. हे कलम लावल्याची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

"महामार्गावर सायकलवाल्यांसाठी वेगळी जागा कशी देणार, व्यावहारिक नाही" म्हणणाऱ्यांना एकच उदाहरण. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांचं चौपदरीकरण, नोव्हेंबर २०२१ मध्ये भूमिपूजन झालं. त्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी चालायचा वेगळा मार्ग आहे. चांगली गोष्ट आहे, व्हायलाच हवी होती. याचा अर्थ काय? मनात आणलं तर महामार्गाला बाजू काढता येते. वारकरी लाखोंनी एकत्र चालतात म्हणून त्यांची बाजू निघाली. शिरोलीचा कामगार एकटा जातो, त्याचा टाळ नाही, पताका नाही, म्हणून त्याला विचारायचं, "बाजूला का होत नाही?"

आणि आम्ही? आमच्यात वकील होते, एक निवृत्त सरकारी अधिकारी होते, दोन उद्योजक होते ज्यांचे फोन मंत्रालयात उचलले जातात. आमच्या समारोपाला पाहुणे आले, सत्कार झाले, शाली दिल्या-घेतल्या. त्या स्टेजवर एक वाक्य बोलायला काय हरकत होती, की अमुक गावापाशी मुलींना शाळेत जायला ओलांडायची सोय नाही, ती करून द्या? नाही बोललो. "राजकारण नको" म्हणाले. मुलींच्या शाळेचा रस्ता मागणं राजकारण असेल तर तेच राजकारण करायला पाहिजे होतं.

मग करायचं काय?

नुसती टीका करून पळ काढणार नाही. पुढच्या राईडला मी जाणार आहे, पण या अटींवर. तुम्हीही कुठल्या राईडला, मॅरेथॉनला, ट्रेकला 'चॅरिटी' म्हणून पैसे देणार असाल तर हेच विचारा.

एक. देणगी नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, पावतीसकट. कुणाच्याही वैयक्तिक क्यूआर कोडवर एक रुपया नाही. राईडचा खर्च फीमधून, जमत नसेल तर फी वाढवा, नाहीतर ड्रोन कमी करा.

दोन. राईड संपल्यावर तीस दिवसांत जमाखर्चाचा कागद सगळ्या देणगीदारांना. शंभर रुपये देणाऱ्यालाही.

तीन. ज्यांच्यासाठी राईड आहे त्यांना आधी जाऊन भेटा. मुलीला सायकल हवी आहे की पंक्चर काढणारा दुकानदार हवा आहे की ओलांडायला रस्ता हवा आहे, हे तिला आणि तिच्या आईला विचारा. आणि मुलांना उन्हात बसवून फोटो काढणं बंद करा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. साडेचारशे किलोमीटर रस्ता आपण ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने बघतो. रस्त्याची एवढी बारीक पाहणी मोटारीतल्या कुठल्याच साहेबाची होत नाही. कुठे ओलांडायला जागा नाही, कुठे भुयारी मार्गात पाणी, कुठे सेवा रस्ता मध्येच संपतो, कुठे उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नाही, हे प्रत्येक टप्प्यावर फोटो आणि किलोमीटर दगडासकट लिहून काढा. ते महामार्ग प्राधिकरणाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. पोच घ्या. तीन महिन्यांनी काय झालं ते माहितीच्या अधिकारात विचारा. याला पैसे लागत नाहीत, जर्सीही लागत नाही.

मी सुरुवात केलीय. त्या गावाजवळच्या दुभाजकाचं आणि भुयारी मार्गाचं टिपण, मास्तरांनी दिलेली विद्यार्थिनींची संख्या, फोटो, असं सगळं गेल्या आठवड्यात दोन्हीकडे दिलंय. पोच मिळालीय. उत्तर आलं की इथेच टाकीन, नाही आलं तरी टाकीन.

आणि माझ्या १९ देणगीदारांना मी मेसेज पाठवलाय : जमले किती, वाटलं किती, उरलेल्याचं मला माहीत नाही, हिशोब मागितलाय. आत्याने लगेच फोन केला, "अरे जाऊ दे, देवाला दिलं म्हणायचं." इस्त्रीवाला काहीच बोलला नाही. कपडे मोजून दिले, नेहमीसारखे, एक-एक करून, माझ्यासमोर. त्याचा हिशोब रोजचा असतो.

ग्रुपमधले मित्र ही पोस्ट वाचतीलच. चिडू नका. तुमच्यावर विश्वास नसता तर हिशोब मागितलाच नसता, गप ब्लॉक केलं असतं. पदक माझ्याही कपाटात आहे. पण पणजीत पदक गळ्यात घालून घेताना माझ्या डोक्यात किणी टोलनाक्यापुढचा तो माणूस होता, एक पाय खाली टेकून उभा असलेला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही अडतीस जणांपैकी एकानेही दिलेलं नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे. पण पुढच्या वेळी कुणी क्यूआर कोड पुढे केला तर, मी जरी केला तरी, आधी विचारा : हिशोब कधी देणार?